ईडन प्रेरीतलं ‘या’

कराडहून निघताना मी दोन बॅगा घेतल्या. एकीत भाजणी, मेतकूट, कांदा-लसूण चटणी आणि माझे कपडे. दुसरी रिकामी. मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने ती एका बोटाने उचलून पाहिली.

“मॅडम, यात काहीच नाही?”

“येताना भरेल,” मी म्हटलं.

काय भरायचं होतं ते सांगते. माझी मुलगी रेवती आणि जावई निखिल मिनेसोटा राज्यात, ईडन प्रेरी नावाच्या गावात राहतात. त्यांची मुलगी ओवी तीन वर्षांची. रेवतीला नवी नोकरी लागली आणि तिथे रोज ऑफिसात जावं लागणार होतं. मी फोनवर तोडगा काढून दिला. ओवीला वर्षभर माझ्याकडे ठेवायचं. आमचं रंगाचं दुकान खाली, घर वर, बालवाडी रस्त्यापलीकडे. रेवती म्हणाली, “आई, तू आधी ये तर. मग बघू.” ‘बघू’ म्हणजे होच, असं धरून मी तिकीट काढलं आणि ओवीच्या कपड्यांसाठी ती बॅग घेतली.

मिनियापोलिसला उतरल्यावर बाहेर पडायच्या वाटेवर एका भिंतीवर पुष्कळ भाषांत ‘वेलकम’ लिहिलेलं होतं. मागून लोक ढकलत होते तरी मी थांबून आपलं शोधलं. एका कोपऱ्यात देवनागरी दिसली. ‘स्वागत है’. त्यातलं ‘है’ खरवडून काढलं की आपलं झालं, असं म्हणून मी पुढे निघाले. पण गाडीत बसल्यावर लक्षात आलं की ‘स्वागत’ हा शब्द मी आजवर तोंडाने कुणाला म्हटलेलाच नाही. तो फ्लेक्सवर असतो. दारात माणूस आलं की आपण ‘या’ म्हणतो, आणि आपलं असलं तर ‘ये’.

निखिल न्यायला आला होता. रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना तळी, मेपलची झाडं लाल-पिवळी व्हायला लागलेली. घरं मात्र सगळी एकाच डब्यातून रंगवल्यासारखी. धड पांढरं नाही, धड बदामी नाही. आमच्या दुकानात त्या छटेचे डबे वर्षानुवर्षं फळीवर पडून असतात.

“आई, थकलात नं?” निखिल म्हणाला. तो मूळचा नागपूरचा. “घरी पोचलो की आराम करा बाप्पा. रेवती पाचपर्यंत येते. ओवीजवळ लोरेन आहे.”

लोरेन कोण ते विचारायच्या आत घर आलं. बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. दारात एक उंच, पांढऱ्या आखूड केसांची, सत्तरीची गोरी बाई उभी होती. अंगात माझ्या मुलीचा एप्रन. मीच पाठवलेला, वारली चित्रांचा.

“या! या! बासा!” ती म्हणाली. “पानी गेता का?”

माझ्या मुलीच्या घरात मला बसा म्हणणारी ही कोण? मी बसले. पाय सुजले होते, नाहीतर बसले नसते. पाणीही घेतलं.

तिच्या पायांमागून ओवी डोकावत होती. “गो ऑन, ओवी,” बाई म्हणाली. ओवी पुढे आली, तिने हात जोडले आणि पाठ केलेलं एका दमात म्हटलं, “या आजी बसा.” निखिलने टाळ्या वाजवल्या. बाईने वाजवल्या. मीही वाजवल्या. टाळ्या संपायच्या आत ओवीने त्या बाईचा एप्रन धरला आणि तिला खिडकीकडे ओढायला लागली. “लोरेन, ये! ये ना! कम सी!”

अंगणात दोन बदकं आली होती. ती तिला दाखवायची होती, मला नाही.

वाचणाऱ्याला हे बारीक वाटेल. मला वाटलं नाही. आमच्या घरात आजीला अहो-जाहो कुणी करत नाही. मी माझ्या आजीला ‘ए आजी, ये इकडे’ अशीच हाक मारायची. ‘या, बसा’ हे बँकेच्या मॅनेजरसाठी आणि लग्न जमवायला आलेल्या मंडळींसाठी. त्या खोलीत मी पाहुणी झाले आणि ती बाई घरची झाली.

संध्याकाळी रेवती आली. मिठी मारून झाली, चहा झाला, मग मी विचारलं, “ही लोरेन कोण?”

“अगं, सांगितलं होतं ना फोनवर! शेजारच्या मावशी. दातांच्या दवाखान्यात होत्या, आता रिटायर्ड. ओवी झाल्यापासून खूप हेल्प करतात.”

“मावशी? मला तर बहीण नाही.”

“आई, म्हणायची पद्धत असते. इथे सगळेच काका-मावशी.”

“मग मी कोण? काकू?”

“काय यार आई! आत्ता आलीस. जेट लॅग तरी उतरू दे.” असं म्हणत तिने माझी दुसरी बॅग उचलली आणि तशीच थांबली. “ही रिकामी का आणलीस?”

“तुला माहीत आहे.”

 बॅग तळघरात ठेवून आली आणि पोळ्या लाटायला लागली.

दोघं सकाळी कामाला गेली की घरात ओवी आणि मी. ओवी माझं मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. “ओवी, दूध पी.” “नो थँक यू, आजी.” नकारही शिष्टाचाराने. मी फोडणी घातली की छतावरचा धुराचा भोंगा किंचाळायचा आणि ओवी कानांवर हात ठेवून म्हणायची, “लोरेन्स हाउस इज क्वाएट.” लोरेनच्या घरी फोडणी नसते, म्हणून शांतता. हे मी तिला सांगितलं, पण पटलं नाही.

अशाच एका सकाळी लोरेन आली. ओवी वर झोपली होती. मी मनाशी ठरवलं की आता नीट वागायचं. दोन कप चहा टाकला होता, आल्याचा. दार उघडलं. ती पायरीवर उभी राहून डोकं जरा तिरपं करून भराभर काही तरी म्हणाली. मला ‘बॅड टाइम’ एवढंच कळलं, बाकी वाऱ्यावर गेलं. मी दार पूर्ण उघडून तोंडभर म्हटलं, “या, या!”

“ओके देन!” ती म्हणाली, हसली, हात हलवला आणि चालू लागली.

मी दारात उभीच. चांगलं आदराने बोलावलं होतं, तेही तिच्याच पाठ असलेल्या शब्दाने, आणि बाई पाठ फिरवून गेली. दोन्ही कप चहा मी प्याले. दिवसभर डोकं तापलेलं.

गुरुवारी तिथल्या वाचनालयात परदेशातून नव्याने आलेल्यांसाठी कॉफी असते. लोरेन ती चालवते. “तुम्ही यायलाच हवं,” असं तिने रेवतीकडून मला कळवलं होतं. रेवतीचं मन राखावं म्हणून ओवीला घेऊन गेले.

लोरेन दारात उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या त्याच्या भाषेत आत घेत होती. मेक्सिकोची जोडी आली, तिला “पासेले!” (आत या). सोमालियाच्या बायका आल्या, त्यांना “सो धवोव!” एक म्हातारा आला, लाओसकडच्या डोंगरातल्या मोंग लोकांपैकी, त्याला “न्याँ झाँ” असं काहीसं नाकातून (खुशाल राहा). त्याने मान हलवून उच्चार दुरुस्त केला. तिने पुन्हा म्हटला. त्याने पुन्हा मान हलवली. मागे रांग लागली तरी दोघं सोडेनात, आणि शेवटी तो म्हातारा असा खूष होऊन आत आला की जसा काही जावईच. आमच्या दुकानात रोज माणसं येतात, मी हिशेब करता करता मान वर न काढता “बोला” म्हणते. मला माझ्या ‘बोला’ची लाज वगैरे वाटली नाही. पण त्या बाईला ते जमतं आणि ते खरंच जमतं, हे बघून माझा जळफळाट झाला, हे लिहायला हवं.

खायला लेफ्से होतं (बटाट्याची पातळ पोळी). लोरेनचे आजी-आजोबा नॉर्वेचे, त्यामुळे हे तिच्या हातचं. वर लोणी आणि साखर. मी प्रकाशात धरून पाहिलं. माझ्या पुरणपोळीपेक्षा पातळ होतं. दुसरं मागितलं नाही.

माझ्या शेजारी होदान नावाची सोमाली बाई बसली होती. हिरवा हिजाब, मोठा आवाज, माझ्याच वयाची. तिचं इंग्रजी सावकाश होतं, माझंही, त्यामुळे आमचं छान जमलं. “सो धवोव म्हणजे जवळ ये,” तिने सांगितलं. “तुमच्यात काय म्हणतात?”

“या.”

“या?” ती एवढ्याने हसली की लोक वळून बघायला लागले. “अगं, इथे ‘या’ म्हणजे हो! लोरेनला काहीही विचार. थंडी आहे का? ‘ओह या.’ पोट भरलं का? ‘या, या.’ इथल्या जुन्या माणसांचं ‘यस’ ते.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाई दारात विचारत होती, आत्ता येऊ की अडचण आहे? नंतर येऊ का? आणि मी तोंडभर हसून सांगितलं, हो, हो.

दुसऱ्या कुणी घरी जाऊन ही गंमत सांगितली असती. मी सांगितली नाही. मला त्या शब्दाचा उपयोग दिसला.

पुढच्या आठवड्यात लोरेन आली तेव्हा मी आणि ओवी जमिनीवर बसून भाजणीच्या पिठाचे साप करत होतो. पहिल्यांदाच ओवी माझ्या मांडीला टेकून बसली होती. दारावर टकटक झाली. मी उठले. लोरेनने डोकं तिरपं केलं. “बॅड टाइम? शुड आय कम बॅक लेटर?”

या वेळी मला शब्द न् शब्द कळला.

“या, या,” मी म्हटलं आणि गोड हसले.

“ओके देन!” ती वळली.

मी जाळीचं दार ओढून मागे फिरते तर ओवी माझ्या पायांजवळ. तिने मराठी ‘या’ ऐकलं होतं. आजीने बोलावलं आणि लोरेन चालली. तिच्या दृष्टीने लोरेनचंच चुकत होतं. तिने जाळीचं दार ढकललं आणि पिठाच्या हातांनी, अनवाणी, तशीच अंगणातून धावत सुटली. रात्री दव गोठलं होतं, गवत पांढरं पडलं होतं. “लोरेन! ये! आजी सेड या! लोरेन, ये ना!”

मी चपला शोधेपर्यंत लोरेनने तिला उचललं होतं. तिचे पाय स्वतःच्या कोटाच्या खिशांत खुपसून ती परत आली. ओवी रडून लाल. “आजी, यू सेड या,” ती मला म्हणाली. “व्हाय डिड शी गो?”

मी तिच्या हातांचं पीठ पुसायला लागले.

लोरेन माझ्याकडे बघत होती. मग तिने विचारलं, “विच या?”

कोणतं ‘या’? खोटं बोलता आलं असतं.

“तुमचं,” मी म्हटलं.

मला वाटलं आता बाई भडकणार किंवा दुखावून निघून जाणार. ती दोन्हीपैकी काही न करता आत आली, ओवीला माझ्याकडे दिलं, बूट काढून खुर्चीवर बसली. “मला माहीत आहे तुम्ही कशाला आलात,” ती सावकाश म्हणाली, मला कळावं म्हणून एकेक शब्द सोडून. “रेवतीने सांगितलंय. वर्षभर.”

“हो.”

“तुम्ही येणार म्हणून मी ते शिकले. या, बसा, पाणी. रेवतीच्या मागे लागून. म्हटलं, तुम्हाला दिसू दे की माझ्याजवळसुद्धा तिला तुमची भाषा ऐकू येते. मग कदाचित तुम्ही नेणार नाही.” तिने ओवीच्या पायांना हात लावून पाहिला. “माझी नातवंडं ॲरिझोनात आहेत. फोनवर ‘हाय ग्रॅम’ म्हणतात आणि फोन मांजराला दाखवतात. तुम्ही आल्यापासून ओवी तुमच्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी राहायला लागली आहे. बघितलंत? मला नाही आवडलं ते.”

बघितलं नव्हतं. तिने सांगितलं तेव्हा मला आनंद झाला, तो लपवायचा मी प्रयत्न केला नाही.

हे सगळं ऐकून माझा राग जायला हवा होता. गेला नाही. पण एक गोष्ट समोर स्वच्छ दिसली. पोर माझ्या शब्दावरून गोठलेल्या गवतावर धावली आणि धावली ती तिच्याकडे. अशा पोरीला विमानात बसवून मी कराडला नेऊ शकले असते. तिथे माझ्या दारात उभी राहून ती वर्षभर रस्त्याकडे बघत राहिली असती, आणि ते मला दिवसातून दहादा बघावं लागलं असतं.

रात्री जेवताना मी रेवतीला सांगितलं, “ओवी इथेच राहू दे. फक्त त्या बाईचं मराठी दुरुस्त करावं लागेल. ‘पानी गेता’ चालणार नाही.”

रेवतीचा घास हातात राहिला. “आई, मी तुला सांगणारच होते. हिंमत होत नव्हती.”

“काय सांगणार होतीस?”

“की मला तिला पाठवायचं नाहीये.”

“कधीपासून?”

“तू बोललीस तेव्हापासूनच.”

“मग ‘बघू’ कशाला म्हणालीस?”

“तुला ‘नाही’ म्हणून बघावं ना कुणी एकदा.”

निखिलने ताटावरून मान वर काढली. “म्हणजे मिटलं का सगळं? मग भाजी वाढा नं आई. कधीपासून मागायची चोरी झाली होती.”

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी. मी शिकवायला बसले की बसले. दुकानातल्या पोरांनाही रंगांच्या छटा मी अशाच शिकवते, चुकलं की पुन्हा. लोरेनला मी श्लोक वगैरे शिकवले नाहीत. दिवसभर पोर सांभाळायला लागतं तेवढं दिलं. हात धू. सांडू नकोस. जेवलीस का? दुखतंय का? झोप आता. आदरार्थी सगळं बाद केलं, ओवीला कोण अहो म्हणणार? ‘ळ’ काही तिला येईना. ‘केळं खा’ म्हणायचं तर ती म्हणायची, “ओवी, केलं खा.”

तिसऱ्यांदा चुकली तेव्हा टेबलाखालून आवाज आला, “केळं, लोरेन! केळं!”

स्वच्छ, ठणठणीत ‘ळ’. जी पोर माझ्याशी मराठीत एक वाक्य बोलत नव्हती, ती टेबलाखालून बाहेर येऊन लोरेनचे गाल दोन्ही हातांनी धरून तिची जीभ वर वळवायला बघत होती. दोन दिवसांत ती “असं नाही गं, असं” म्हणायला लागली. रेवती खूष, निखिल खूष. मीही खूषच म्हणायची. पण ते ‘गं’ लोरेनला होतं. माझी भाषा माझ्याच हाताने मी त्या बाईच्या पदरात घालत होते आणि त्यात माझा वाटा शिक्षिकेचा होता. शिक्षिकेला ‘गं’ म्हणत नाहीत.

निघायच्या दिवशी लोरेन आणि होदान दोघी भेटायला आल्या. तिथली निरोपाची रीत मला पसंत पडली. मांडीवर थाप मारून “वेल्प” (चला तर मग) म्हणायचं, मग उठायचं नाही. पुन्हा “वेल्प”. मग उठून दारात तेवढ्याच गप्पा, मग गाडीच्या काचेशी. यात त्यांना आपण शिकवण्यासारखं काही नाही. ओवी लोरेनच्या कडेवर होती. मी तिचा पापा घेतला, लोरेनला सांगितलं की थंडी वाढली की पोरीच्या टाळूवर तेल घालत जा, जिरवून, नुसतं फासू नकोस. ती म्हणाली, “हो.” चक्क ‘हो’ म्हणाली.

कराडला पोचले तेव्हा दुकान उघडं होतं. नवरा मशीनवर कुणाचा तरी निळा ढवळत होता. मी पायरी चढले, त्याने झाकण लावलं, वर बघितलं आणि म्हणाला, “आलीस?”

“आले.”

“बस. चहा सांगतो. तो ऑइलपेंटवाला तीनदा येऊन गेला.”

आलीस? समोर उभ्या असलेल्या बाईला आलीस का विचारायचं. ना त्यात स्वागत, ना नमस्कार. भिंतीवर लिहायला घेतलं तर रंग फुकट जाईल. पण हे वाटेल त्या माणसाला म्हणता येत नाही. ज्याला आपण नसल्याचं दिवसभर जाणवलं असेल, तोच म्हणू शकतो. गिऱ्हाईकाला ‘या’ म्हणता येईल, ‘आलात?’ म्हणायला त्याची वाट पाहिलेली असावी लागते.

आता इथे दुकानात दिवे लावायची वेळ झाली की तिकडे सकाळ असते. रेवती पर्स शोधत असते, आणि ओवी खिडकीशी उभी राहून लोरेनच्या दाराकडे बघत असते. फोनवर मला तिची पाठच दिसते. लोरेन येते, बूट काढते, आणि ओवी धावत जाऊन तिच्या पायांना मिठी मारते. म्हणत काही नाही. शब्दाची ती जागा मोकळीच आहे.

एवढं सगळं शिकवलं आणि नेमकं ते ‘आलीस?’ शिकवायचं राहिलं. मुद्दाम नाही. एका फोनचं काम आहे, दोघींना सांगता येईल, उद्यापासून रोज म्हणतील.

सांगणार नाही.